जुनी कॅम्परव्हॅन घेतलीय, वास काही केल्या जात नाही

खिडकीपाशी
१४ जून, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे.

गेल्या महिन्यात आम्ही एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली. मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाने आत बेड, छोटा ओटा, सिंक आणि फडताळाएवढं टॉयलेट बसवून घेतलेलं. आरसीवर मोटर कॅरव्हॅन अशी नोंद आहे, कागद नीट आहेत. सासरे मोटरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, जन्मभर रुळांवरून गेलो, आता रूळ नसतील तिथे जायचं. हौस आम्हालाही होतीच.

बघायला गेलो तेव्हा विक्रेत्याने एसी लावून ठेवला होता आणि आत मोगऱ्याचा असा घमघमाट, की वाटलं किती निगुतीने ठेवलीय. मुलुंडला आणली, दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर मोगरा पसार. पायरीवर पाय ठेवला की ओल्या गोणपाटाचा वास. आत गेलं की गटाराचा, तोही सतत नाही, मधेच झुळूक आल्यासारखा. ओट्यापाशी मासळी. आणि बेडच्या बाजूला आणखी काहीतरी आहे, पण ते कधी असतं, कधी नसतं.

आतापर्यंत कापूर झाला, ऊद झाला, आरशाला टांगायचा परफ्यूम झाला, वाटीत कॉफी पावडर झाली, कोपऱ्यांत डांबरगोळ्या झाल्या, फिनाईलने दोनदा पुसून झालं. काल बाबा (सासरे) आत दहा मिनिटं बसून आले आणि म्हणाले, "गाभाऱ्यात बसून कुणीतरी बोंबील तळतंय."

काय करू? पाऊस तोंडावर आहे.

आळशी_अजगर
१४ जून, रात्री १०:५२

विकून टाका. जाहिरातीत लिहा, 'सुगंधी'.

(दिवे घ्या, म्हणजे गंमत केली. वाचतोय.)

नळ_आणि_बादली
१४ जून, रात्री ११:२०

ताई, आधी ते सगळे परफ्यूम, ऊद आणि डांबरगोळ्या बाहेर काढा. डांबरगोळ्या तर आजच. ज्या बंद डब्यात माणसं झोपणार तिथे त्या ठेवायच्या नसतात. वासावर वास चढवला की मूळ कुठे आहे ते कळायचा रस्ताच बंद होतो.

तुमच्याकडे एक वास नाही, चार आहेत, आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे. तेव्हा उपाय विचारू नका, आधी पत्ते शोधा. सकाळी लवकर, चहाकॉफीच्या आधी, गाडी रात्रभर बंद असताना दार उघडून आत जा. नाक दोन-तीन मिनिटांत सरावतं, मग काही कळत नाही. बाहेर या, फेरी मारा, परत जा. एका खेपेला एकच जागा हुंगायची. सिंकचं तोंड, टॉयलेट, बेडखाली, गादी, छताचे कोपरे, एसीची जाळी.

गटाराच्या वासाची परीक्षा तर अगदी सोपी. सिंकच्या भोकावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीने घट्ट लावा, टॉयलेटवर दुसरी, बाथरूमच्या जाळीवर तिसरी. दुसऱ्या दिवशी एकेक पिशवी काढून हुंगा. जिच्याखाली भपकारा, तिथूनच वास आत येतोय.

चेंबूरचे_नाना
१५ जून, सकाळी ६:०५

चिचुंद्री.

चेंबूरचे_नाना
१५ जून, सकाळी ६:१४

आधीचा प्रतिसाद चुकून गेला. पूर्ण लिहितो. उभ्या गाडीत चिचुंद्री शिरली की तो वास महिनोन्‌महिने राहतो. मरायलाच हवी असं नाही, नुसती राहून गेली तरी पुरे. माझ्या जुन्या गाडीत ब्लोअरच्या तोंडाशी तिने संसार थाटला होता. ब्लोअर लावला की सगळ्या गाडीला प्रसाद. एसीचा फिल्टर काढून बघा, कापूस-कागदाचे तुकडे दिसले की समजा. आणि लेंड्या दिसल्या तर केरसुणी मारू नका. हातमोजे, तोंडाला मास्क, ब्लीच घातलेल्या पाण्याने ओलं करून पुसून घ्या. पावसाळ्यात लेप्टोचा ताप काय करतो ते मुंबईकराला सांगायला नको.

सुरमई_पापलेट
१५ जून, सकाळी ९:३०

मासळीच्या वासाला 'वास' म्हणणाऱ्यांचा निषेध. :-)

आता कामाचं. ओट्यापाशी येतोय म्हणजे तळणाच्या वाफेचं तेल बसलंय. ओट्यावरच्या कपाटाची खालची बाजू, पडदे, चिमणी असेल तर जाळी. बोट फिरवा, चिकट लागेल. आधी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने तेल काढा, मग व्हिनेगर. तेल तसंच ठेवून व्हिनेगर फिरवलंत तर वास साडी बदलून परत येईल.

रसायनी
१५ जून, दुपारी १२:१०

सुरमई यांना +१. कारण सांगते, म्हणजे बाकीच्या वासांनाही हाच हिशोब लावता येईल.

मासळीचा जो वास आपण म्हणतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमीनचा. ते अल्कधर्मी असतं. आम्लाशी गाठ पडली की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून नाकापर्यंत पोचत नाही. आपल्या आज्या बांगड्याला कोकम लावून ठेवायच्या, हाताला लिंबू चोळायच्या, त्यामागे हेच. म्हणून मासळीला व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व. सिगरेटचं उलटं. त्याचा चिकट पिवळा थर छतावर आणि कापडावर बसतो, त्याला साबण आणि धुण्याचा सोडा. आणि मूत्राचा वास गादीत मुरला असेल तर एन्झाइमवालं क्लीनर. ते ओलं राहील तेवढाच वेळ काम करतं, तेव्हा शिंपडून लगेच पुसू नका.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस बघायला सगळ्यांना आवडतो. दोघे एकमेकांना संपवतात आणि मागे उरतं जवळजवळ खारट पाणी. वेगवेगळे वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे हलके घेऊ नका. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिडवालं क्लीनर कधीही एकत्र नको. ब्लीच आणि व्हिनेगरही नको. क्लोरीन वायू सुटतो. घराच्या मोरीत माणूस खोकत बाहेर तरी पळतो. तुमच्या फडताळाएवढ्या टॉयलेटमध्ये दार आतल्या बाजूला उघडत असेल तर तेही जमायचं नाही.

खिडकीपाशी
१५ जून, रात्री ९:१५

बापरे. दार आतल्या बाजूलाच उघडतं. आणि मी गेल्या आठवड्यात दोन्ही वापरलं होतं. एकाच दिवशी नाही, नशीब.

सगळ्यांना धन्यवाद. पिशव्या लावल्या आहेत. सेक्रेटरी काका खालून विचारून गेले, हे काय चाललंय. मी म्हटलं, प्रयोग. ते म्हणाले, पार्किंगमध्ये प्रयोगाला कमिटीची परवानगी लागते.

खिडकीपाशी
१७ जून, सकाळी ७:५०

पिशव्यांचा निकाल.

टॉयलेट: थोडासा. बाथरूमची जाळी: काही नाही. सिंक: पिशवी काढली आणि मी मागे सरताना डोकं कपाटावर आपटलं.

सिंकखालचं दार उघडून मोबाईलचा टॉर्च मारला. आपल्या घरी सिंकखाली ती बाटलीसारखी वस्तू असते ना, तशी काही नाहीच. सिंकपासून सरळ एक घड्यांचा पाईप फळीला पाडलेल्या भोकातून खाली गेलाय. भोक पाईपपेक्षा मोठं, बाजूची फट वर्तमानपत्र कोंबून बुजवलेली. कागद ओढून काढला तर ओला.

नळ_आणि_बादली
१७ जून, सकाळी ८:३५

मिळाला की पत्ता!

ती वस्तू म्हणजे बॉटल ट्रॅप. तिच्यात पाणी साचून राहतं आणि खालची हवा वर येऊ देत नाही. तुमच्या गाडीत सांडपाण्याची टाकी थेट तुमच्या स्वयंपाकघरात श्वास सोडतेय. बसवणाऱ्याने शे-दोनशे रुपये वाचवले, दुसरं काय.

बॉटल ट्रॅप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. फक्त गाडीत त्याला दोन खोडी असतात. घाटात आणि स्पीडब्रेकरवर पाणी हिंदकळून सांडतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की सुकून जातं. म्हणून निघताना आणि परत आल्यावर प्रत्येक भोकात तांब्याभर पाणी. बरेच दिवस उभी राहणार असेल तर वर दोन चमचे गोडेतेल, तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही. नागदेवी स्ट्रीटला चक्कर झाली तर पाण्याशिवाय चालणारी रबरी झडपही विचारून बघा. मिळाली तर गाडीसाठी तीच बरी.

भोकाची फट सीलंटने बुजवा. कागद नको.

आणि टाकीचा वास बाहेर सोडणारा व्हेंट पाईप छतापर्यंत गेलाय का, मोकळा आहे का, तेही बघून घ्या.

घाटरस्ता
१७ जून, दुपारी १:४०

माझ्याकडे स्वतःची व्हॅन आहे, घोडबंदरला उभी असते. अनुभवाचे दोन शब्द.

नळदादा म्हणतात तो व्हेंट आमच्याकडे होता, पण त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. अख्खी टाकी तुंबल्यासारखी वागायची. तारेने टोकरलं, वरून पाणी सोडलं, गाडी मोकळी झाली. आता तोंडाला बारीक जाळी लावलीय.

दुसरं, छताचा पंखा बाहेर हवा फेकत असताना टॉयलेटची झडप उघडू नका. पंखा हवा ओढतो, ती येणार कुठून? टाकीतून. चालत्या गाडीत छताची खिडकी उघडी असली की तेच. ताईंना झुळुकीसारखा वास येतो तो यामुळेच असणार.

कॅसेट टॉयलेट (खालची टाकी ओढून काढता येते ते) असेल तर त्याच्या रबरी सीलवर सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल, व्हॅसलीन नको, रबर फुगतं. सील चिरलं असेल तर बदला. आणि कॅसेट रिकामी करायची ती संडासातच. आपल्याकडे परदेशासारखी ठरलेली ठिकाणं नाहीत, म्हणून लोक नाल्यात ओततात. लाज वाटली पाहिजे.

आळशी_अजगर
१७ जून, दुपारी २:०२

सांडपाण्याच्या टाकीत बर्फाचे तुकडे टाकून गाडी पळवायची, आतलं खरवडून निघतं असं व्हिडिओत बघितलंय. खरं का?

नळ_आणि_बादली
१७ जून, दुपारी २:३०

मुंबईच्या रस्त्यावर तो बर्फ ऐरोलीच्या सिग्नललाच वितळेल. टाकी अर्धी भरा, कडकडीत नाही पण चांगलं गरम पाणी, त्यात भांड्याचा साबण सढळ हाताने. तासभर गाडी फिरवून आणा आणि सोडा. असं दोन-तीनदा. टाकीतला वास मुख्यतः तेलकट साक्याचा असतो. खरकटं सिंकमध्ये सोडायच्या आधी ताटल्या कागदाने पुसून घ्यायची सवय लावलीत तर हे वर्षातून एकदा पुरतं.

खिडकीपाशी
२९ जून, रात्री १०:३०

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण पाऊस.

ट्रॅप बसवला, भोक बुजवलं, टाकी तीनदा धुतली. गटाराचा वास गेला. खरंच गेला. मी रोज सकाळी जाऊन हुंगते, शेजारच्या काकूंना वाटतं मी गाडीची पूजा करते.

मासळीची मात्र गंमत झाली. सुरमईंनी सांगितलं तसं सगळं साबणाने, मग व्हिनेगरने पुसलं. कमी झाला पण राहिलाच. शेवटी बाबा म्हणाले, ड्रॉवर नुसता उघडू नकोस, अख्खा बाहेर काढ. काढला. मागे, ड्रॉवर आणि भिंत यांच्या सांदीत, एक चुरगळलेली पिशवी पडलेली. आत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी. किती जुने देवाला माहीत. नखाएवढे झालेले, तपकिरी, आणि त्यांच्यात बारीक किडे चालत होते. वरच्या कप्प्यातून मागे घसरले असणार.

मी किंचाळले. बाबा म्हणाले, "अगं, सोड्यांचा भाव माहीत आहे का तुला?"

सुरमई_पापलेट
२९ जून, रात्री १०:३८

दोन मिनिटं शांतता.

चेंबूरचे_नाना
३० जून, सकाळी ६:००

बाबांशी सहमत. फेकलेत ते बरं केलंत, पण सहमत.

खिडकीपाशी
३० जून, सकाळी ८:१०

:-) आता गोणपाटाचा. पाऊस सुरू झाल्यापासून तो दुप्पट झालाय. गादी हाताला कोरडी लागते, पण उशी तोंडाशी घेतली की कळतं. छताला एसीच्या बाजूला चहाच्या डागासारखा एक गोल आहे. विक्रेता म्हणाला होता, तो 'डिझाइनचा भाग' आहे.

घाटरस्ता
३० जून, सकाळी ९:२५

हाहा, डिझाइन! गळतेय हो ताई. एसीसाठी छत कापतात, मधे रबराचं गॅस्केट असतं, ते दबून सपाट झालं की पाणी आत. पाणी जिथे शिरतं तिथेच टपकत नाही. पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामधून वाहत जातं आणि भलतीकडेच उतरतं.

बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या, डागाच्या आसपास आणि खाली जमिनीला कडेकडेने टोचत जा. चांगला प्लाय टणक लागतो. कुजलेल्यात टोक शिरतं, ओल्या बिस्किटात शिरावं तसं. जमिनीचं व्हिनाईल एका कोपऱ्यात उचलून बघा. तिथे काळं दिसलं तर सांगा.

गळती शोधायला दोघं लागतात. एक जण वर पाईप घेऊन, एक आत टॉर्च घेऊन. पाणी एकदम सगळीकडे मारायचं नाही. खालच्या सांध्यापासून सुरुवात, एकेका जोडावर पाच-दहा मिनिटं, मग वरचा. आतला माणूस ओरडला की थांबायचं.

रसायनी
३० जून, सकाळी ११:००

घाटरस्ता यांना अनुमोदन. बुरशीला वाढायला साखर लागत नाही, ओल लागते. हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की पुरे, आणि जुलैत मुंबईत बाहेरच ८५ असते. म्हणजे खिडक्या उघड्या ठेवून 'हवा खेळती' केलीत तर तुम्ही ओलच आत बोलावताय. पाऊस पडत असताना गाडी बंद ठेवा आणि आत हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर लावा. तो नसेल तर कॅल्शियम क्लोराईडचे डबे, कपाटात ठेवतो ते. भरलेलं पाणी वेळेवर ओता. सांडलं तर लोखंड गंजतं.

कुजलेल्या प्लायवर ब्लीच मारून फायदा नाही. ते वरचा काळा रंग घालवतं, आत मुरलेली बुरशी तशीच राहते. तेवढा भाग कापून काढायचा, नवा टाकायचा. फोमच्या गादीचं तर काहीच होत नाही, मोह सोडा.

चेंबूरचे_नाना
३० जून, दुपारी ४:४०

गाडी कधी पुरात बुडाली होती का तेही तपासा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्यानंतर मी एक गाडी स्वस्तात घेतली होती. डीलरने नवीन सीटकव्हर घालून दिली. पहिल्या उन्हाळ्यात आत बसलं की मिठी नदीचा वास. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटचे बोल्ट गंजलेत का बघा. कार्पेटखाली बोट घाला, बारीक गाळ लागला तर समजा.

आळशी_अजगर
३० जून, सायंकाळी ५:१५

एवढ्या भानगडीपेक्षा ओझोन मशिन भाड्याने मिळतं. लावलं की दोन तासांत गाडी नवी, असं कार डिटेलिंगवाला सांगत होता.

रसायनी
३० जून, सायंकाळी ६:००

ओझोन काम करतो, नाही असं नाही. पण तो शेवटचा हात आहे, पहिला नाही. ओला प्लाय तसाच ठेवून ओझोन सोडला तर आठ दिवसांत वास परत. आणि तो श्वासात गेला तर फुप्फुसांना त्रास होतो. मशिन चालू असताना आत माणूस, मांजर, कुणीही नको. नंतर दारं उघडून तास-दोन तास मोकळी ठेवायची. वारंवार केलंत तर रबराला चिरा पडतात, म्हणजे नळदादांनी सांगितलेल्या झडपा गेल्या.

खिडकीपाशी
२० जुलै, रात्री ११:०५

मोठी बातमी. सीटबेल्ट स्वच्छ निघाला (नाना, सुटकेचा निःश्वास). पण छत एसीच्या गॅस्केटलाच गळत होतं. बाबा वर पाईप घेऊन, नवरा आत टॉर्च घेऊन, मी खाली छत्री घेऊन सेक्रेटरी काकांना उत्तरं देत. नवीन गॅस्केट टाकलं. जुनं सिलिकॉन खरवडायला अख्खा रविवार गेला, कारण कारागीर म्हणाला जुन्यावर नवीन चिकटत नाही. मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. बेडखालचा साधारण दोन बाय तीन फुटांचा प्लाय कुजला होता, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. तिथे ७१० ग्रेडचा मरीन प्लाय टाकला. गादी फेकली. कुर्ल्याहून मापाने नवीन फोम कापून आणला.

गोणपाट गेलं. आत आता फक्त नवीन लाकडाचा वास येतो.

पाण्याच्या टाकीचंही करून घेतलं, कारण चहाला शेवाळाची चव होती. रसायनी ताईंनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगितलेलं इथे लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. शंभर लिटरच्या टाकीला ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच १०० मिली. टाकी पूर्ण भरायची, सगळे नळ ब्लीचचा वास येईपर्यंत सोडायचे म्हणजे पाईपमध्येही पोचतं, १२ तास ठेवायचं, मग ओतून देऊन वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं.

फक्त एक राहिलंय. बेडपाशी जो कधी असतो कधी नसतो म्हटलं होतं, तो. आता बाकीचे गेल्यामुळे स्पष्ट कळतो, सडक्या अंड्यासारखा आहे. रात्री येतो, सकाळी दहापर्यंत जातो. टॉयलेट परत तपासलं, सील नवीन आहे. कॅसेट तर रिकामीच आहे. ट्रॅपमध्ये पाणी आहे.

नळ_आणि_बादली
२० जुलै, रात्री ११:२०

टॉयलेटच असणार. कॅसेटच्या कप्प्याचं बाहेरचं दार नीट बसतंय का? रात्री हवा थंड झाली की...

साकीनाका_वायरमन
२० जुलै, रात्री ११:२४

थांबा. रात्री गाडी चार्जिंगला लावता का?

खिडकीपाशी
२० जुलै, रात्री ११:२६

हो. पार्किंगच्या प्लगवरून वायर आणलीय. रात्री लावतो, सकाळी नवरा ऑफिसला जाताना काढतो. आत्ताही लावलेली आहे. का?

साकीनाका_वायरमन
२० जुलै, रात्री ११:२८

ताई, आत्ता खाली जा. गाडीत शिरू नका. पार्किंगच्या प्लगचं बटण बंद करा, गाडीच्या आतलं नाही. मग सगळी दारं उघडून द्या आणि लांब उभे राहा. आत दिवा लावू नका, पंखा लावू नका, बॅटरीचे क्लॅम्प काढायला जाऊ नका. एक ठिणगी पुरते. आधी हे करा, कारण नंतर सांगतो.

आळशी_अजगर
२० जुलै, रात्री ११:३१

???

साकीनाका_वायरमन
२० जुलै, रात्री ११:४५

त्या खाली गेल्या असतील तोवर लिहितो.

बेडखाली बॅटऱ्या असतात, बऱ्याच जुन्या व्हॅनमध्ये. पाण्याच्या, म्हणजे लेड-ॲसिड. बॅटरी म्हातारी झाली किंवा तिचा एखादा सेल आतून शॉर्ट झाला की ती कधी भरतच नाही. चार्जरला वाटतं अजून भूक आहे, तो ओतत राहतो. बॅटरी तापते, आतलं ॲसिड उकळायला लागतं. हायड्रोजन सुटतो, त्याला वास नसतो पण तो पेटतो. आणि त्याच्यासोबत हायड्रोजन सल्फाईड, हा सडक्या अंड्यांचा. लोक टॉयलेट धुत बसतात.

दुसरी भीती म्हणजे हायड्रोजन सल्फाईड जास्त झाला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणून गेला असं समजायचं नाही.

गॅस सिलिंडरचा वासही साधारण याच जातीचा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. तेव्हा सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद करा. उद्या उजेडात पाईपला आणि रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. पण फक्त चार्जिंगच्या वेळी येतोय, तेव्हा माझा पैसा बॅटरीवर.

रसायनी
२० जुलै, रात्री ११:५०

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं त्यांनी, कधी असतं कधी नसतं. आम्ही सगळे मासळीत रमलो.

नळ_आणि_बादली
२० जुलै, रात्री ११:५२

मी तर आत्ता अर्ध्या तासापूर्वी टॉयलेट म्हणत होतो. चूक कबूल.

खिडकीपाशी
२१ जुलै, रात्री १२:१५

बंद केलं. दारं उघडी आहेत. पाऊस आत येतोय, येऊ दे. बाबा छत्री घेऊन खाली खुर्ची टाकून बसलेत, म्हणतात यार्डात रात्रपाळी केलेली आहे, मला झोप येत नाही. सेक्रेटरी काकाही आले. या वेळी काही न बोलता पार्किंगमध्ये सिगरेट ओढणाऱ्या दोघांना हाकलून लावलं.

खिडकीपाशी
२२ जुलै, रात्री ९:३०

काल दुपारी इलेक्ट्रिशियन आला. बेडची फळी उचलली. दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी. एक बरी. दुसरीची बाजू पोळी फुगावी तशी फुगलेली, वरच्या झाकणांभोवती पांढरी पूड, आणि चार्जर बंद करून इतके तास झाले तरी हाताला कोमट. वेगळी करून मोजली तर १०.४ व्होल्ट. तो म्हणाला, सहा सेलपैकी एक मेलाय, चांगली असती तर साडेबारांच्या वर दाखवली असती. दोन्ही एकत्र जोडलेल्या, त्यामुळे बरी असलेलीही तिच्यातच रिकामी होत होती. कप्प्याला बाहेर हवा जायला भोकच नाही, जे सुटेल ते थेट गादीखाली.

त्याच गादीवर पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं झोपणार होतो, चार्जिंग लावून.

सिलिंडरला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत.

दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, जुन्या दुकानदाराने परत घेतल्या. चार्जर नवीन, कप्प्याला बाहेर जाणारी नळी, आणि आत एक गॅस अलार्म. वायरमन दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बाबा विचारतायत साकीनाक्याला कुठे राहता, सोडे पाठवायचे आहेत. नवीन.

साकीनाका_वायरमन
२२ जुलै, रात्री ९:४५

शाकाहारी आहे हो. :-) नीट जा. अलार्मचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

सुरमई_पापलेट
२२ जुलै, रात्री ९:४७

पत्ता व्यनि केलाय. माझा.

नवखा_७७
१९ ऑगस्ट, दुपारी ३:२०

अख्खा धागा एका दमात वाचला. मीही एक जुनी व्हॅन बघतोय, भिवंडीला उभी आहे. थोडा वास आहे, पण विकणारा म्हणतो नवीन रंगाचा आहे, आठवड्यात जाईल. परवा बघायला बोलावलंय. काय बघू?

खिडकीपाशी
१९ ऑगस्ट, दुपारी ४:०५

जायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगा की एसी लावू नका, दारं बंद ठेवा, दार मीच उघडणार. आत परफ्यूम टांगलेला दिसला तर आधी तो काढून बाहेर ठेवा, मग गप्पा. चार्जर लावून तासभर थांबा आणि बेडची फळी उचलायला लावा. नको म्हणाला तर तिथूनच परत या.

आणि सगळे ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा.